भेगांचा फोटो

ज्यांना शिव्या घालायला आज बसलोय त्या टोळीत मी स्वतः आहे, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कोणी "आला मोठा शहाणा" म्हणायला नको.

तर झालं असं. मे २०२४ मध्ये चार दिवस आजोळी गेलो होतो. घाटंजी तालुक्यातलं गाव, नाव मुद्दाम देत नाही. गळ्यात डीएसएलआर, त्यावर दहा-वीसची वाईड अँगल लेन्स, तिचे हप्ते अजून चालू. त्यामुळे दिसेल त्याचा फोटो काढणे ही आर्थिक गरज होती म्हणा ना. दुपारी मामा वावराच्या धुऱ्यावर बसलेले दिसले. डोक्याला दुपट्टा, गुडघ्यावर हात, नजर लांब कुठेतरी. समोर काळी जमीन आणि जमिनीला अशा भेगा की हात कोपरापर्यंत आत जावा. मी पालथा पडलो, कॅमेरा जमिनीपासून चार बोटांवर धरला, "मामा, इकडे बघू नका हं" म्हणालो आणि धडाधड दहा-बारा फोटो काढले. पुण्याला आल्यावर रंग काढून टाकले, क्लॅरिटीचा स्लायडर उजवीकडे ढकलला, आभाळ काळं केलं. कंपनीत फोटो स्पर्धा होती, विषय 'माझा देश'. फोटो पाठवला. मथळा दिला, 'दुष्काळ'. (एकच शब्द! एका शब्दाच्या मथळ्याला फार वजन येतं, हे मी कुठूनतरी शिकलो होतो.)

पहिलं बक्षीस. कॅन्टीनसमोरच्या भिंतीवर फोटो महिनाभर टांगलेला. एका मॅनेजरबाईंनी डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "ते काका... अजून आहेत ना?"

आहेत. ठणठणीत आहेत. त्या दिवशी ते धुऱ्यावर बसले होते कारण नांगरटीला सांगितलेला ट्रॅक्टरवाला दोन तास उशीर करत होता. ती जी 'क्षितिजापलीकडे हरवलेली नजर' म्हणून परीक्षकांनी वाखाणली, ती रस्त्याकडे होती. मामा मनात त्या ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देत होते. वर्ष बरं गेलं होतं असं नाही, पण दुष्काळ नव्हता.

मामेभावाच्या मोबाईलवरून फोटो गावात पोचायला किती वेळ लागतो? आठवडाभरात मामांचा फोन. "काय रे, माह्या वावरात दुष्काळ कवा पडला? मले तं कोनी सांगतलं नाई." मी हसलो. ते हसले नाहीत. मग कळलं की मामेबहिणीच्या सोयरिकीचं बोलणं चाललं होतं आणि तो फोटो फिरत फिरत पाहुण्यांकडेही गेला होता. त्यांनी मध्यस्थाला हळूच विचारलं, "घरी काही झालं तर नाही ना?" यवतमाळ जिल्ह्यात 'काही झालं' याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सोयरीक त्या फोटोमुळेच मोडली असं घरात कोणी म्हणत नाही. मीही म्हणत नाही. पण त्यानंतर पाहुण्यांचा फोन आला नाही, हेही खरंच.

असो. आता मुद्द्यावर येतो.

विदर्भातल्या शेतकऱ्यावर काहीही छापायचं असलं की भेगाळलेली जमीन दाखवायची हा एक अलिखित नियमच झालाय. बातमी कर्जाची असो, बियाण्याची असो, कापसाच्या भावाची असो. वर फोटो भेगांचा. शक्यतो त्यावर एक म्हातारा, कपाळाला हात. ज्यांनी हा फोटो रूढ केला त्यांनी आणि माझ्यासारख्या वीकेंड-छायाचित्रकारांनी एकदा तरी कुणाला विचारायला हवं होतं की बाबा, या भेगा कशाच्या?

या भेगा काळ्या जमिनीच्या स्वभावाच्या आहेत. इंजिनिअरिंगला आमच्या सिव्हिलच्या दोस्तांना ही माती फार छळायची. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. पाणी मिळालं की माती फुगते, वाळली की आकसते, म्हणून तर या मातीवरचे रस्ते लाटांसारखे होतात आणि घरांच्या भिंतींना चिरा जातात. मार्च-एप्रिलपासून जमीन वाळत जाते आणि तिला भेगा पडतात. पडायलाच हव्यात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत घरंगळते, पावसाळ्यात जमीन फुगली की खालचा थर दाबाने वर सरकतो. म्हणजे ही जमीन स्वतःच स्वतःला उलटते. मृदाशास्त्रात तिला व्हर्टिसॉल म्हणतात, आणि तो शब्दच मुळी 'उलटणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलाय. मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खोल उतरतो. जमीन फुगून भेगा मिटल्या की मग पाणी मुरायचा वेग मंदावतो. मामांच्या शब्दांत, "जमीन तापली पाह्यजे, फाटली पाह्यजे, मंगच ते पेराले तयार होते. तुले ते मेलेली दिसली. ते श्वास घेऊन रायली होती."

धो धो पाऊस पडलेल्या वर्षानंतरच्या मे महिन्यातही ही जमीन अशीच भेगाळते. तेव्हा माझा 'दुष्काळ' हा फोटो नेमका कशाचा होता? उन्हाळ्याचा. च्यायला, मी उन्हाळ्याचा फोटो काढून बक्षीस मिळवलं.

यवतमाळात सरासरी पाऊस वर्षाला ९०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. सोलापूर किंवा अहिल्यानगरच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात तो ५००-६०० असतो. पाऊस वेळेवर पडतो असं नाही. पंधरा-वीस दिवस ओढ देतो, दुबार पेरणी करायला लावतो, कापूस फुटला की नेमका अवकाळी येतो. त्याने माणूस मोडतो. पण ती गोष्ट वेगळी आणि भेगांची गोष्ट वेगळी. "पानी नको असं कोन म्हनते?" मामा म्हणतात. "पन पानी आलं म्हंजे भाव येते काय?"

हे नुसतं छायाचित्रणातलं अज्ञान म्हणून सोडून देता आलं असतं. पण रोगाचं चित्र चुकलं की औषधही त्याच बाजूला शोधलं जातं. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यातला निम्म्याहून जास्त वाटा सिंचन प्रकल्पांचा होता. सिंचन हवंच आहे, त्याबद्दल वाद नाही, आणि त्या पैशाचं पुढे काय झालं हा आजचा विषय नाही. दोन वर्षांनी २००८ ची कर्जमाफी आली. पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला. कोरडवाहू विदर्भात पाच एकरांच्या वर जमीन असलेला माणूस श्रीमंत नसतो, हे दिल्लीला कुठल्याच फोटोतून दिसलं नव्हतं. फोटोमुळे धोरण ठरतं इतका मोठा दावा मी करणार नाही. पण वर्षानुवर्षं एकच चित्र भिंतीवर लावलं की बघणाऱ्याच्या डोक्यात प्रश्नही एकच तयार होतो.

१९८६ ची गोष्ट घ्या. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे, त्यांची पत्नी आणि चार मुलं. १९ मार्चला या कुटुंबाने जीव दिला. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते आणि दरवर्षी त्या दिवशी किसानपुत्र आंदोलनाची माणसं अन्नत्याग करतात. करपे भूमिहीन नव्हते. गावचे सरपंच राहिलेले, भजन-संगीतात रमणारे गृहस्थ. आमच्या ठरलेल्या फ्रेममध्ये तो माणूस बसला असता का? कॅमेरेवाल्याने "हा नको, जरा गरीब दिसणारा बघा" म्हटलं असतं.

अन् २०१७! त्या वर्षी याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. तेव्हा वावरं कशी होती? हिरवीगार. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, दाट. त्या हिरव्या गर्दीत शिरून वरच्या दिशेने फवारायचं आणि तोच फवारा अंगावर घ्यायचा. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळी आली. बोंड बाहेरून बघाल तर टवटवीत, अळी आत. फोडल्याशिवाय कळत नाही. यवतमाळच्या दुखण्याचं याहून नेमकं छायाचित्र असूच शकत नाही, फक्त अडचण एवढीच की त्यात एक सुंदर हिरवं बोंड दिसतं आणि ते बघून कोणी रडत नाही.

(अवांतर: अमेरिकेत १९३६ मध्ये हेच झालंय. आर्थर रॉथस्टाइन नावाचा तरुण सरकारी छायाचित्रकार, डस्ट बोलचा काळ. साउथ डकोटात भेगाळलेल्या जमिनीवर त्याला बैलाची पांढरी कवटी दिसली. त्याने ती थोडी इकडे, थोडी तिकडे हलवून वेगवेगळे फोटो काढले. रुझवेल्ट निवडणुकीच्या वर्षात त्या भागात दौऱ्यावर असताना फार्गोच्या एका वर्तमानपत्राने बोंब ठोकली की हे सगळं नकली आहे. असली क्षारट जमीन आणि असल्या कवट्या तिकडे कुठल्याही वर्षी सापडतात, असं टीकाकारांचं म्हणणं. गंमत म्हणजे दुष्काळ खरा होता! पण फोटोतली कवटी हलवलेली निघाली आणि दुष्काळच खोटा म्हणणाऱ्यांच्या हातात आयतं कोलीत मिळालं. मी कवटी हलवली नव्हती हे खरं. मी फक्त मथळा हलवला.)

तर, गेल्या डिसेंबरात सुट्टी काढून गेलो आणि मामांना म्हटलं, चला, तीन दिवस गाडीतून जिल्हा फिरू, तुम्ही म्हणाल तिथे थांबू, तुम्ही म्हणाल त्याचाच फोटो. प्रायश्चित्त म्हणा किंवा माझी हौस म्हणा. मामा तयार झाले. त्यांनाही घाटंजी-पांढरकवड्याच्या पलीकडे निवांत फिरून बरीच वर्षं झाली होती. मामीने पिठलं-भाकरीचं गाठोडं दिलं आणि मला ताकीद, "त्याईचा फोटो काढशीन तं अगुदर इस्त्रीचा सदरा घालाले लावजो."

ही सूचना मी तेव्हा हसण्यावारी नेली. आता वाटतं की या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात शहाणं वाक्य तेच होतं. गावात कॅमेरा काढला की काय होतं आठवून बघा. बायका पदर सारखा करतात, आत जाऊन चांगली साडी नेसून येतात. पुरुष केसांवरून हात फिरवतात, बटण लावतात, ताठ उभे राहतात, हात मांड्यांशी, नजर सरळ लेन्समध्ये. आणि आपण काय करतो? वैतागतो. "अहो नॅचरल राहा", "कॅमेऱ्याकडे बघू नका", "ते विळ्याने कापत होतात ना, तसंच कापा". मी एका फोटो-वॉकला एका गृहस्थांना एका आजीबाईंना "हसू नका" असं सांगताना ऐकलंय! आपल्या मते ताठ उभं राहणं म्हणजे पोझ, आणि मळक्या बनियनवर बेसावध पकडणं म्हणजे वास्तव. स्वतःच्या लग्नाचा अल्बम काढून बघा की. त्यात आपण किती बेसावध आहोत? आपला पासपोर्ट साईज फोटो, आपला ऑफिसच्या साईटवरचा फोटो, ज्यासाठी आपण दाढी करून जातो, तो खोटा का? माणसाला आपण कसं दिसावं हे ठरवायचा हक्क असतो. पुण्या-मुंबईच्या माणसाला आपण तो देतो. धुऱ्यावरच्या माणसाच्या बाबतीत आपण 'कला' नावाचं कारण काढतो.

डोरोथिया लँगने काढलेला 'मायग्रंट मदर' जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध फोटोंपैकी एक आहे, तोही १९३६ चाच. त्यातली बाई, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन, कोण हे जगाला कळायला चाळीसेक वर्षं लागली. आणि ती बोलली तेव्हा म्हणाली काय, तर तो फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं. तिला त्यातून एक दमडी मिळाली नव्हती.

पहिला थांबा कापूस खरेदी केंद्र. आमच्या आधीच मामेभाऊ छोटा हत्ती भरून कापूस घेऊन पहाटे रांगेत लागला होता. मला तिथे हवा होता कापसाचा पांढरा डोंगर, त्यावर चालणारी माणसं, धुक्यातून येणारं कोवळं ऊन. काय लाईट होता महाराजा! मामा म्हणाले, "ते नंतर. पयले ह्याचा काढ." 'हा' म्हणजे हातभर आकाराचं ओलावा मोजायचं यंत्र. दोन दांडे कापसात खुपसायचे, काचेवर आकडा येतो. आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव, त्यावर प्रत्येक टक्क्याला कपात, बाराच्या वर गेला की घेतच नाहीत. डिसेंबरात रात्रभर दव पडतं. गाडी रात्री उघड्यावर उभी. आमचा आकडा आला तेरा पॉइंट दोन.

मामा काही बोलले नाहीत. यंत्रवाल्याचीही चूक नव्हती, आकडा आकडाच असतो. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. आता पर्याय दोन. दिवसभर कापूस उन्हात पसरून उद्या परत रांगेत लागायचं, गाडीचं भाडं वाढवायचं. नाहीतर दोन किलोमीटरवर खासगी व्यापारी बसलेलाच आहे, त्याला ओलाव्याचं एवढं सोवळं नसतं, भाव मात्र त्याचा. मामेभावाने गाडी व्यापाऱ्याकडे वळवली. क्विंटलमागे किती गेले ते मामांनी मला सांगितलं, इथे लिहू नको असंही सांगितलं. आणि मी त्या यंत्राचा फोटो काढला. बाद फोटो. काचेवर माझंच प्रतिबिंब, कडेला कुणाचं तरी बोट.

मामांच्या यादीतले पुढचे फोटोही असेच. धर्मकाट्याची पावती. कृषी केंद्राचं शेल्फ, खालपासून वरपर्यंत बाटल्या, आणि गल्ल्याजवळची ती लांबोळकी उधारीची वही (दुकानदार आपला माणूस, तरी वही मिटलेलीच ठेवा म्हणाला). बँकेच्या बाहेरचा चपलांचा ढीग. अर्ध्या वावरात रोही आणि डुकरांनी लोळवलेली तूर. आणि शेजारी जागलीचा माळा, खाली विझलेली शेकोटी, वर चादर आणि बॅटरी. शेतात झोपायला जाणाऱ्या माणसाचा हा पलंग. हा एक फोटो बरा आला. बाकी सगळे बघून मला दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षरशः जांभया येत होत्या, आणि त्या जांभयांचीच मला लाज वाटत होती.

मी मामांना म्हटलंसुद्धा, की मामा, हे फोटो कोणी बघणार नाही. ते म्हणाले, "कोनी पाह्यत नाई म्हनून तं तुले काढाले सांगून रायलो."

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क काढलं आणि मग ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे आमची गाडी रांगेत उभी होती तेव्हा बाहेरचा कापूस बिनशुल्क येत होता. मामांना ही तारीख पाठ होती. आता याचा फोटो कसा काढणार, सांगा? राजपत्राच्या कागदावर मॅक्रो लेन्स लावून?

टिपेश्वरला गेलो नाही. ऑफिसात यवतमाळचं नाव काढलं की हल्ली लोकांना दोनच गोष्टी आठवतात, एक आत्महत्या आणि दुसरा टिपेश्वरचा वाघ. १४८ चौरस किलोमीटरचं छोटंसं अभयारण्य, सुन्ना गेटमधून आत शिरलं की वाघ दिसायची बऱ्यापैकी खात्री, त्यामुळे हातभर लेन्सा घेऊन माणसं येतात. येऊ देत, गाईड-जिप्सीवाल्यांची घरं चालतात. पण गेटच्या अलीकडच्या वावरात दिवस मावळायच्या आत घरी परतण्याची जी घाई असते ती कुणाच्या मेमरी कार्डवर नसते. राळेगाव-पांढरकवडा भागात टी-१ वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. २ नोव्हेंबर २०१८ ला तिला गोळी घातली गेली. शहरांत तिच्यासाठी मेणबत्त्या लागल्या. मला स्वतःला तेव्हा वाघिणीचंच वाईट वाटलं होतं. त्या तेरांपैकी एकाचंही नाव मला तेव्हा सांगता आलं नसतं, आजही येत नाही.

दुसऱ्या दिवशी वणीकडे निघालो. करंजीवरून मारेगावच्या रस्त्याला लागलो तेव्हा मला आठवलं, जळका याच तालुक्यात. २००८ च्या जुलैमध्ये लोकसभेतल्या विश्वासदर्शक ठरावाच्या भाषणात राहुल गांधींनी ज्यांचं नाव घेतलं त्या कलावती बांदूरकरांचं गाव. एका भाषणाने ते नाव देशभर झालं आणि कॅमेऱ्यांची जत्रा लागली. सहा वर्षांनी, मार्च २०१४ मध्ये, नरेंद्र मोदी आर्णी तालुक्यातल्या दाभडीत 'चाय पे चर्चा' करायला आले. मग कॅमेरे तिकडे. मी गाडी हळू केली. "मामा, जळक्याला जायचं का?"

"कायले? त्या बाईच्या दारापुढं कमी कॅमेरे येऊन गेले काय?"

गेलो नाही. हा या ट्रिपमधला माझ्या मते सगळ्यात चांगला न काढलेला फोटो. वणीच्या अलीकडे कोळशाचे ट्रक सुरू झाले. रस्त्याकडेच्या पऱ्हाटीवर धूळ बसून फुटलेला कापूस राखाडी दिसत होता. तिथे मात्र मामांनी स्वतः गाडी थांबवली आणि एक बोंड तोडून माझ्या हातात दिलं. बोटं काळी झाली.

आता कोणी म्हणेल, मग काय, फोटो काढायचेच नाहीत? जग बघणार कसं? रास्त प्रश्न आहे. २००६ चं ते पॅकेज तरी कुणामुळे आलं? गावोगाव फिरलेल्या पत्रकारांनी ओरड केली म्हणूनच ना? अगदी मान्य. पी. साईनाथ त्या काळात विदर्भात घरोघर फिरत होते आणि फोटोही काढत होते. पण त्यांचं 'व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन' हे जुनं प्रदर्शन कुठे बघायला मिळालं तर बघा. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत काढलेले फोटो. बायका रडत नाहीयेत. काम करतायत. वाहतायत, वाकतायत, फोडतायत. त्यांनीच २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात फोटोखाली सहसा माणसाचं नाव असतं, गावाचं नाव असतं, काय चाललंय ते असतं. माझ्या बक्षीसपात्र फोटोखाली काय होतं? एक शब्द आणि माझं नाव. मामांचं नाव कुठेच नव्हतं, आणि मला ते महिनाभर रोज कॅन्टीनला जाता-येता खटकलंही नव्हतं.

माझा राग कॅमेऱ्यावर नाही. माझा राग शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री परतणाऱ्या, परतताना टोलनाक्यावरच फोटो एडिट करणाऱ्या, एका दिवसात 'ग्रामीण वास्तव' उरकणाऱ्या आमच्या जमातीवर आहे. दुःख फोटोजेनिक असेल तरच आम्हाला दिसतं. भाव पडला, पावती चुकली, ओलावा जास्त निघाला, कर्ज नवं-जुनं करताना सही कुठे केली ते कळलं नाही, याला लाईट नाही, टेक्श्चर नाही. मग आम्ही खाली बघतो आणि आम्हाला भेगा दिसतात. त्या बिचाऱ्या दरवर्षी हजर असतातच.

तिसऱ्या दिवशी परतताना मामांनी गाडीतच इस्त्रीचा सदरा घातला. घरी पोचल्यावर म्हणाले, आता माझा काढ. वावरात गेलो. कापसाची दुसरी वेचणी सुरू होती, जमीन ओलसर काळी, भेगेचं नाव नाही. मामा पऱ्हाटीत ताठ उभे राहिले, मामीला हाक मारून शेजारी उभी केली, हात मांड्यांशी, नजर सरळ माझ्या डोळ्यांत. मी सवयीने खाली वाकायला लागलो तर मामांनी हटकलं, "उभ्यानंच काढ." उभ्यानेच काढला. कंपोझिशनच्या दृष्टीने सांगण्यासारखं काही नाही. वेचणीला आलेल्या बायका मागे हसताना आल्यात, एकीचं अर्धं डोकं कापलं गेलंय. बारा-अठराची प्रिंट काढून, फ्रेम करून पाठवली. मामेभाऊ सांगत होता की बैठकीत लावलीय, दारातून आलेल्या पाहुण्याला पहिली तीच दिसेल अशी.

यंदाही कंपनीत स्पर्धेचा मेल आला. विषय 'पाणी'. मी तो ओलावा मोजायच्या यंत्राचा फोटो पाठवला, मथळ्यात गावाचं आणि मामांचं नाव त्यांना विचारून घातलं, आणि १३.२ म्हणजे काय ते दोन ओळींत लिहिलं. बक्षीस कुणाला तरी लडाखच्या सरोवराला मिळालं. माझा फोटो पार कोपऱ्यात, अग्निशामकाच्या वर लावलाय. परवा लिफ्टची वाट बघत असताना टीममधल्या एका पोराने विचारलं, "हे काय आहे रे? बीपीचं मशीन?"

मी सांगायला लागलो. डिसेंबरात रात्री दव पडतं, तिथपर्यंत आलो आणि लिफ्ट आली.